सोळा पाचरी

माझ्या सासऱ्यांनी माझ्या मुलीवर हात उगारला आणि मी त्यांचं मनगट हवेतच धरलं. सकाळची न्याहारी चालली होती. सात वर्षांची माझी मुलगी चमच्याने टेबल वाजवत होती, ठक ठक ठक, शाळेत शिकवलेला कुठलासा ताल. आबा एकदा म्हणाले, "बंद कर." तिने केलं नाही. ती जर्मनीत जन्मलेली. 'बंद कर'नंतर थेट थप्पड येते, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

मनगट कसलं, सागाचा ओंडका होता तो. सत्तरी उलटलेल्या माणसाचा. मी म्हटलं, "आबा, या घरात हात उचलायचा नाही. परत उचललात तर मी स्वतः विमानात बसवून देईन." आबांनी हात सोडवून घेतला, समोरची उपम्याची बशी उचलली आणि भिंतीवर भिरकावली. मुलगी जर्मनमध्ये किंचाळली की आजोबा वेडे आहेत. मीही किंचाळले, मराठीत. माझा आवाज चढला की शेजारचे लोक भर उन्हाळ्यात खिडक्या लावून घेतात, आणि तेव्हा तर फेब्रुवारी होता.

आबा तीन महिन्यांसाठी आले होते. त्याचा तो चौथा दिवस.

दोन हजार दहानंतरच्या त्या वर्षांत आम्ही दक्षिण जर्मनीत एका मोठ्या तळ्याकाठी राहायला आलो होतो. तळ्याचं आणि गावाचं नाव सांगत नाही, मला अजून तिथेच राहायचंय. पलीकडच्या काठामागे बर्फाचे डोंगर, अलीकडे सफरचंदांच्या बागा, आणि मधे गिअरबॉक्सचा एक कारखाना, जिथे मी टेस्ट लॅबमध्ये होते. माझं काम म्हणजे चांगली वस्तू मोडेपर्यंत पिळायची आणि कुठून मोडली ते लिहून काढायचं. नवरा म्हणतो, नोकरी अगदी स्वभावाला साजेशी मिळाली हिला. तो स्वतः एका बँकेच्या सॉफ्टवेअरवर होता. आबा आले आणि त्याचं प्रोजेक्ट एकाएकी इतकं नाजूक झालं की सोमवार ते गुरुवार त्याला फ्रँकफर्टला राहावं लागू लागलं. मी काय दूधखुळी आहे का? बापाच्या समोर बसायला लागू नये म्हणून पळत होता तो.

पळायला कारण होतं. नवऱ्याच्या पाठीवर डाव्या खांद्याखाली दोन आडवे वळ आहेत, पांढरे पडलेले. आबा कोकणातले जहाजांचे सुतार. गलबतं बांधायचे, आणि तरुणपणी सुतार म्हणून गलबतावरून जायचेही. हा नऊ वर्षांचा असताना धक्क्यावर उलट्या घातलेल्या होडीच्या बुडाला काठीने बडवत खेळत होता. आबांनी तीच काठी घेतली. आई मधे पडली म्हणून हा वाचला, असं तो सांगतो. लग्नानंतर एकदाच सांगितलं, आणि पुन्हा विचारलं तर उठून जातो.

तर असा हा माणूस माझ्या गळ्यात होता. घरात बसवला तर खून होईल, त्यांचा किंवा माझा, एवढं मला कळत होतं.

त्या रविवारी मी दुपारची जरा आडवी झाले तर बाहेर ठाक ठाक सुरू झालं. बघते तर आबा शेजारणीच्या कुंपणाशी. तिच्या कुंपणाचा खांब हलत होता, तो यांना दोन दिवस सलत होता. कुठून तरी लाकडाचा तुकडा मिळवून, तासून, त्याची पाचर करून खांबाच्या बुडाशी ठोकत होते. अरे देवा! जर्मनीत रविवारी! इथे रविवारी काचेची बाटली कचऱ्याच्या डब्यात टाकली तरी लोक वर बघतात, आणि हे हातोडा घेऊन दुसऱ्याच्या कुंपणावर! मी पायात चप्पल न घालता धावले.

शेजारीण आधीच बाहेर आली होती. पंच्याऐंशीची म्हातारी, हातात काठी, डाव्या भुवईवर एका जुन्या खोकेचा व्रण. तिचं तोंड मला माहीत होतं. माझी गाडी तिच्या फाटकापुढे वीतभर आली तर ती काठीने बॉनेट वाजवायची. मी मनातल्या मनात माफीची वाक्यं जुळवत होते. पण ती ओरडलीच नाही. आबांच्या हाताकडे बघत उभी राहिली. पाचर ठोकताना आबा एक घाव इकडून, एक घाव तिकडून असे घालतात, आणि दर दोन घावांनी थांबून बोटाने चाचपतात. खांब हलायचा थांबला. म्हातारीने काठीने तो ढकलून बघितला.

"हे कोण?" तिने मला विचारलं.

"माझे सासरे. जहाजांचे सुतार आहेत. माफ करा, त्यांना रविवारचं..."

"जहाजांचे?" ती म्हणाली. "लाकडी जहाजांचे?"

आणि त्या बाईने, जिने सात वर्षांत मला गुटेन टागपलीकडे काही म्हटलं नव्हतं, आम्हाला कॉफीला आत बोलावलं.

तिच्या घरातली एक गोष्ट मी तिथेच टिपली. मी टॉयलेटला गेले तर दाराला आतून कडी नाही. कडीची जागा लाकडाच्या तुकड्याने भरून टाकलेली. नंतर बघितलं तर कुठल्याच दाराला कडी नव्हती, स्वयंपाकघराच्या नाही, झोपायच्या खोलीच्याही नाही. मी आपली आत मोठ्याने खाकरत बसले. म्हटलं, एकेकाची तऱ्हा.

कॉफी ओतता ओतता म्हातारीने जे सांगितलं ते मी आबांना मराठीत सांगत गेले.

तिचे आजोबा मालवाहू जहाजाचे मालक-चालक होते, आपल्याकडचे तांडेलच म्हणायचे. दोन डोलकाठ्यांचं लाकडी शिडाचं जहाज. पहिल्या महायुद्धाच्या आधीचा काळ. उतारू वाफेच्या बोटींनी जायला लागले होते, पण दगड, धान्य, दारूची पिंपं असला जड माल अजून शिडावरच जायचा. शेवटच्या खेपेला पलीकडच्या काठावरून कौलं भरली होती, छपराची लाल कौलं. जहाजावर तीन माणसं. आजोबा आणि गावातलेच दोन खलाशी.

कौलं म्हटल्यावर आबांनी मान वर केली. "उभी रचलेली का आडवी?" त्यांनी विचारलं. म्हातारीला ते ठाऊक नव्हतं.

नोव्हेंबरच्या भर दुपारी डोंगरावरून वारा सुटला. इथे त्याला फ्योन म्हणतात. गरम वारा, आणि येतो तो एखाद्या गुंडासारखा, दार न वाजवता. अर्ध्या तासात तळ्याचा समुद्र झाला. धक्क्यावर जमलेल्या गावाच्या डोळ्यांदेखत पुढची डोलकाठी मोडून पडली, जहाज कुशीवर झोपलं आणि मग दिसेनासं झालं. आजोबा एकटे एका वल्ह्याला धरून काठाला लागले. शुद्ध नव्हती. कुणीतरी ऊब यावी म्हणून त्यांच्या तोंडात श्नाप्स ओतली, आणि त्याच वासावरून दुसऱ्या कुणीतरी निकाल दिला: हा प्यायलेला होता. दोघांना लाट घेऊन गेली, शुद्धीवर आल्यावर एवढं एकच वाक्य आजोबा बोलले. एका खलाशाच्या बायकोने पायातला लाकडी जोडा काढून त्यांच्या तोंडावर हाणला. समोरचे चार दात गेले. मग बाकीचे तुटून पडले. तिसऱ्या दिवशी दोन्ही प्रेतं काठच्या लव्हाळ्यांत मिळाली.

नंतर दर नोव्हेंबरला त्या दिवशी त्यांच्या घराच्या काचा फुटायच्या. ही शाळेत जायला लागली तेव्हा एका खलाशाच्या नातवाने हिच्या तोंडावर दगड मारला. म्हातारीने भुवईवर बोट ठेवलं. "दारुड्याची नात म्हणून," ती म्हणाली. "माझ्या लहानपणी मी त्यांना एक थेंब पिताना पाहिलेलं नाही. एक थेंब नाही! आणि आता तो गाढव ते फलकावर लिहितोय."

गाढव म्हणजे गावच्या फेराइनचा, म्हणजे हौशी इतिहास मंडळाचा अध्यक्ष. गणिताचा निवृत्त शिक्षक. दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात तळ्याचं पाणी फार खाली गेलं तेव्हा चिखलात हे जहाज सापडलं होतं, कूस फुटलेलं. पुरातत्त्वाच्या लोकांनी त्याचे काही भाग वर काढून फेराइनच्या शेडमध्ये पाण्याच्या टाक्यांत ठेवले होते. आता मे महिन्यात धक्क्यावर माहितीचा फलक लागणार होता, आणि त्यात एक वाक्य होतं: जहाजाचा चालक दारूच्या नशेत होता. म्हातारीने ते काढायला सांगितलं. अध्यक्ष म्हणाला, चर्चच्या जुन्या वहीत तसं लिहिलंय, तुमच्याकडे उलट पुरावा असेल तर आणा.

"मला फार दिवस नाहीत," म्हातारी म्हणाली. "ते वाक्य तिथे लागलं तर मी मेल्यावरही लागलेलंच राहील. यांना विचारा, लाकूड बघून काही सांगता येईल का."

आबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "लाकूड खोटं नाय बोलत. चल म्हणावं."

शेड म्हणजे बोटी ठेवायची जुनी जागा. थंडीने हाडं कडकडत होती. अध्यक्ष होता, म्हातारी होती, आम्ही दोघं. आबांनी सुकाणू बघितलं, फळ्या बघितल्या. मग एका लांब टाकीशी थांबले. तिच्यात मालाच्या कोठाराचं झाकण होतं, चौकटीसकट. म्हणजे डेकवरून ज्या तोंडातून माल खाली उतरवतात, त्या तोंडावरचं. वादळात डेकवर पाणी चढतं, ते त्या तोंडातून आत गेलं की जहाज संपलं. म्हणून त्याच्यावर फळ्या, फळ्यांवर मेणकापड, कापडावर पट्ट्या, आणि पट्ट्या घट्ट बसायला चहूबाजूंनी लाकडी पाचरी ठोकतात. मेणकापड केव्हाच कुजलं होतं. पाचरी होत्या. आबांनी मोजल्या. सोळा.

बराच वेळ ते वाकून बघत होते. मग हसले. आल्यापासून पहिल्यांदा.

"बाय, सांग हिला. हा माणूस प्यायलेला नव्हता."

"कशावरून?"

"घाव बघ. सोळा पाचरी, सोळाच्या सोळा सारख्या बसल्या. बाजूच्या लाकडाला एक तरी खोक पडली का बघ. जहाज घोड्यागत उसळतंय, अंगावर पाणी येतंय, आणि एक घाव चुकला नाय. दारू प्यायलेल्याला घरात बसून जमायचं नाय हे."

मी भाषांतर केलं. अध्यक्षाने चष्मा पुसून जवळून बघितलं, टॉर्च मारला, आणि म्हणाला, "गेनाऊ, अगदी बरोबर. हे मला सुचायला हवं होतं." गणिताचा माणूस, पुराव्यापुढे नमला. वाक्य काढतो म्हणाला. म्हातारीने काठी टाकली आणि आबांचा हात दोन्ही हातांत धरून रडायला लागली. ऐंशी वर्षांचं रडणं होतं ते. माझेही डोळे भरून आले. म्हटलं, चला, या माणसाच्या हातून काहीतरी चांगलं झालं.

पण आबांनी हात सोडवून घेतला. बाही वर केली आणि खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला, झाकणाच्या खाली. खालची बाजू बोटांनी चाचपत राहिले. त्यांचा चेहरा बघता बघता राखेसारखा झाला. त्यांनी माझा हात धरला आणि त्या बर्फगार पाण्यात घातला.

"हात लाव."

खालून लाकूड गुळगुळीत नव्हतं. खाचा होत्या. एकीशेजारी एक, वेड्यावाकड्या, सगळ्या एका कोपऱ्याकडे गोळा झालेल्या, आणि त्या कोपऱ्यात लाकूड बोटभर खोल खरवडलेलं.

"कौलाच्या धारेने केलंय," आबा म्हणाले. "आतून. माणसं खाली होती, बाय. कौलं सरकली असणार, ती रचायला उतरली असणार. याने वरून बंद केलं. कूस फुटली तेव्हा प्रेतं बाहेर गेली."

अध्यक्षाने विचारलं, काय म्हणतायत? म्हातारी डोळे पुसत माझ्याकडे बघत होती, हसत होती. खरं सांगायची हिंमत झाली नाही मला. मी म्हटलं, "काही नाही. लाकूड चांगल्या प्रतीचं आहे म्हणतात."

घरी पोचलो. दार लावलं मात्र, आणि त्यांचा बांध फुटला.

"तू तिला सांगितलं नायस."

"आबा, ती पंच्याऐंशीची आहे. तिला हवं होतं ते मिळालं. कशाला?"

"ती हसत होती! खालच्यांचं ऐकून कोण हसतं?" त्यांनी खुर्ची उचलून आपटली. पाय मोडला खुर्चीचा. "दोन माणसं लाकूड खरवडत मेली आणि तू सांगतेस लाकूड चांगलंय! परत गाडलंस त्यांना तू!"

माझंही पित्त खवळलं. मी म्हटलं, "तुम्हाला एवढा कसला कळवळा? पोटच्या पोराची पाठ फोडलीत तेव्हा कुठे होता हा कळवळा? सात वर्षांच्या पोरीवर हात टाकता आणि शंभर वर्षांपूर्वीच्या खलाशांसाठी खुर्च्या मोडता? लाज वाटत नाही?"

मला वाटलं, आता ते मारणार. मी तयार होते. हातात तवा होता माझ्या, खोटं कशाला बोलू.

ते जमिनीवर बसले. मोडलेला पाय हातात घेऊन.

"कौलंच व्हती आमच्या गलबतावर," ते म्हणाले. "मंगलोरी."

नवऱ्याचा एक काका होता, आबांचा धाकटा भाऊ. एकोणिसाव्या वर्षी गलबतावरून समुद्रात पडून गेला, एवढंच घरात सगळ्यांना माहीत. तो पडला नव्हता. वादळात कौलं एका अंगाला सरकली, गलबत कलंडायला लागलं, म्हणून तो ती ओढायला खाली उतरला. तेवढ्यात पहिली मोठी लाट डेकवरून गेली. दुसरी दिसत होती. कोठाराचं तोंड उघडं. मोगरी, म्हणजे लाकडी हातोडा, सुताराच्या हातात. सुतार म्हणजे आबा.

"मी ठोकल्या पाचरी," ते म्हणाले. "एक घाव चुकला नाय."

गलबत वाचलं. वरची सात माणसं वाचली. सकाळी झाकण काढलं तर भाऊ कमरेपर्यंत कौलांत गाडलेला, वरचं अंग पाण्यात, हातात कौलाचा तुकडा. आबांनी घरी येऊन सांगितलं, पडला. खलाशांनी मान हलवली.

मी तवा खाली ठेवला.

"तिला खरं सांग," आबा म्हणाले. "नायतर मी जातो आणि खुणांनी सांगतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिच्या स्वयंपाकघरात बसलो. तिने आबांसाठी केक केला होता. तो कापायच्या आतच मी सांगितलं. सगळं, खाचांसकट. काल मी लपवलं होतं हेही. म्हातारीने ऐकून घेतलं, मग कप उचलून माझ्या अंगावर फेकला. गरम कॉफी माझ्या मानेवरून आत गेली. मी उठायच्या आत काठी माझ्या नडगीवर बसली, पुन्हा बसली. "तुम्ही मला रडू दिलंत!" ती ओरडत होती. "आनंदाने रडू दिलंत! तो दारुडा नव्हता म्हणून! दारुडा असता तर बरा होता!"

मी मार खाल्ला. बरोबरच होतं तिचं.

ती दमली तेव्हा आबा बोलायला लागले. एकेक वाक्य बोलायचे आणि माझ्याकडे बघायचे. मी भाऊ सांगितला, कौलं सांगितली, लाट सांगितली. जर्मनमध्ये मीच म्हणत होते, मी ठोकल्या, माझा भाऊ खाली होता. मग आबा काल न सांगितलेलं बोलले.

"गलबतावर मी म्हणालो, तांडेलाने हुकूम दिला. खलाशांना तेच सांगितलं. तांडेल काय बोलला नव्हता. कुणीच काय बोललं नव्हतं."

मी तेही सांगितलं. म्हातारी आबांकडे बघत राहिली. मग तिने एकच प्रश्न विचारला.

"किती वेळ?"

मी आबांना विचारलं. आबांनी बोटं मुडपली आणि टेबलावर वाजवली. ठक ठक ठक. ठक ठक ठक. जोरात, घाईघाईने. कप नाचायला लागले. मला वाटलं, दाखवून झालं, आता थांबतील. थांबले नाहीत. कितीतरी वेळ ते तसंच वाजवत राहिले, घामाने भिजले, बोटांची सालं निघाली. मग ठोके हळू झाले. मधे अंतर पडायला लागलं. एक ठक. बऱ्याच वेळाने आणखी एक. मग त्यांचा हात तसाच टेबलावर पडून राहिला.

माझी मुलगी न्याहारीला चमचा वाजवत होती. नवरा होडीचं बूड वाजवत होता.

म्हातारी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होती. कडीच्या जागी भरलेल्या लाकडाच्या तुकड्याकडे. "ते मी लहान असताना बघितलंय," ती म्हणाली. "आजोबांनी एका दिवसात घरातल्या सगळ्या कड्या उपटून काढल्या. आजी म्हणाली, वेड लागलं. मला वाटायचं, लोक रात्री दगड मारतात तर हा माणूस उलट दारं उघडी का टाकतो?"

तिने केक कापला. आम्ही तिघांनी खाल्ला. दुसरं काय करणार?

फलकाचं ती बघते म्हणाली. अध्यक्षाकडे ती एकटी गेली, मला बरोबर येऊ दिलं नाही. तिचा माझ्यावरचा राग अजून उतरला नव्हता. खरं सांगायचं तर पुरता कधीच उतरला नाही.

मे महिन्यात, आबांच्या परतीच्या आधीच्या शनिवारी, फलक लागला. धक्का नव्या फळ्यांचा केला होता. गावातली पन्नासेक माणसं, बिअर, भाजलेले सॉसेज. नवरा होता. दांडी मारायला शनिवारी बँक सापडली नाही त्याला. अध्यक्षाने कापड ओढलं. शेवटची वाक्यं म्हातारीने लिहून दिलेली होती: जहाजाचा चालक शुद्धीत होता. दोघे खलाशी खाली जिवंत असताना त्याने कोठार बंद केले. जहाज तरीही बुडाले.

म्हातारीच्या वयाचा एक माणूस पुढे आला. त्याने ते दोनदा वाचलं आणि टोपी काढून तिच्यापुढे उभा राहिला. दगड मारणारा तोच, हे मला तिच्या तोंडाकडे बघून कळलं. त्याने हात पुढे केला. तिने घेतला नाही. "आज मार," ती म्हणाली. "आज कारण आहे तुझ्याकडे." तो तसाच उभा राहिला, टोपी चुरगळत.

आबांनी मला विचारलं, "काय लिहिलंय?" मी मराठीत सांगितलं. शेजारी नवरा उभा होता, त्याने फलक केव्हाच वाचला होता, पण त्याला त्याचं काय? आबा म्हणाले, "बाय, याला सांग. माझं. काकाचं."

मी म्हटलं, "नाही सांगणार. तुम्हा दोघांना मराठी येतं."

आणि मी दोन पावलं मागे झाले. माझ्या आयुष्यात मी तोंड बंद ठेवल्याचे जे थोडे प्रसंग आहेत, त्यातला तो सगळ्यात कठीण.

आबांनी सांगितलं. फार वेळ लागला नाही. पाच-सात वाक्यं असतील. नवरा तळ्याकडे बघत ऐकत होता. शेवटी त्याने विचारलं, "म्हणून मारायचात?"

"आवाज ऐकू आला की हात आपोआप जायचा."

"मी नऊ वर्षांचा होतो, आबा."

"व्हय."

"मला माहीत असतं तर मी वाजवलंच नसतं ना." आणि माझा चाळिशीचा नवरा भर धक्क्यावर हमसाहमशी रडायला लागला. आबांनी त्याला जवळ घेतलं नाही. त्यांना ते येतच नव्हतं. शर्टावरून त्याच्या डाव्या खांद्याखाली हात ठेवला, नेमका वळांवर, आणि नवऱ्याने खांदा झटकून तो काढून टाकला.

तेवढ्यात मुलगी आली, सॉसेज संपवून. नव्या फळ्या पायाखाली छान वाजतात हे तिच्या लक्षात आलं होतं. ती उड्या मारायला लागली, दोन्ही टाचांनी, धाड धाड धाड. मी तिला ओरडणार होते. नवऱ्याने मला हाताने थांबवलं.

आबा फळ्यांवर खाली बसले. ती त्यांच्या अगदी जवळ नाचत होती, आणि दर उडीला ते हलत होते. त्यांनी डोळे मिटले होते. दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते.

नवऱ्याने तिला थांबवलं नाही. आबांनीही थांबवलं नाही. पाय दुखेपर्यंत ती नाचत होती.